अनुदानित हायस्कूलला शासनाचा पैसा नेमका कोणत्या हिशेबाने मिळतो?

प्रश्न (पालक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)
आमच्या गावातील हायस्कूल खासगी संस्थेचे असून शंभर टक्के अनुदानित आहे. तरीही दहावीच्या वर्गावरची टिनपत्रे गळतात आणि गेल्या पावसाळ्यात सगळी बाके एकाच भिंतीला सरकवून वर्ग भरवावा लागला. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेकडे पैसा नाही. पारावर बसणारी मंडळी म्हणतात, सरकार दरमहा लाखो रुपये पाठवते. खरे काय?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम)
दोन्ही खरे आहे. शंभर टक्के अनुदान म्हणजे मंजूर पदांच्या वेतनाचे अनुदान. मुख्याध्यापक शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीवर वेतन देयक तयार करतात, जिल्ह्याचे वेतन पथक ते तपासते आणि रक्कम कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा होते. त्यातून पत्र्याचा एक खिळासुद्धा विकत घेता येत नाही. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी वेतनेतर अनुदान असते. ते काही वर्षे बंदच होते. 2013 पासून 5 टक्के दराने पुन्हा सुरू झाले, परंतु त्याची आकारणी आजच्या वेतनावर होत नसल्याने हाती येणारी रक्कम फार तोकडी असते. आमच्या शाळेचे वीजबिल आम्ही शिक्षकांनी दोनदा वर्गणी काढून भरले आहे. इमारतीची जबाबदारी मुळात संस्थेची, त्यामुळे पत्र्यांबद्दल पहिला प्रश्न संस्थाचालकांना विचारावा.

उत्तर (शाळेतील लिपिक, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली)
वरील उत्तरात ‘मंजूर पदे’ हा शब्द आला आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. 30 सप्टेंबरचा पट (विद्यार्थिसंख्या) यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, त्यावरून संच मान्यता, म्हणजे शाळेच्या पदांची मंजुरी, होते, संच मान्यतेवरून पदे ठरतात आणि पदांवरून पैसा. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर 20 च्या आत पट असलेल्या वर्गांना पद मिळणेच अवघड झाले आहे. पटात धरायला विद्यार्थ्याचे आधार जुळावे लागते. दाखल्यावर ‘पोर्णिमा’ आणि आधारवर ‘पौर्णिमा’ असेल तर रोज पहिल्या बाकावर बसणारी मुलगीही हिशेबातून गळते. जंगलपट्ट्यातील छोट्या गावांत लोकसंख्याच विरळ, तिथे शहरासारखाच पटाचा निकष लावणे मला अन्यायकारक वाटते.

उत्तर (शिक्षक, जिल्हा परिषद हायस्कूल, जि. बुलडाणा)
शेजारच्या जिल्हा परिषद शाळेशी तुलना करू नये. आम्हाला समग्र शिक्षा योजनेतून, जिचा खर्च केंद्र व राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात, पटानुसार वार्षिक शाळा अनुदान मिळते. खासगी अनुदानित शाळांना ते नसते. मूळच्या ‘कायम विनाअनुदानित’ (अनुदान कधीच मागणार नाही या अटीवर मान्यता मिळालेल्या) शाळांची तऱ्हा आणखी वेगळी: 2009 मध्ये ‘कायम’ शब्द वगळला गेला आणि नंतर अनुदान 20-20 टक्क्यांच्या टप्प्यांनी आले, म्हणून त्यांतील अनेक शिक्षक वर्षानुवर्षे अपुऱ्या पगारावर राबले.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज मुख्याध्यापकांकडून संच मान्यतेची प्रत पाहायला मिळाली. दहावीत प्रत्यक्ष बसणारी दोन मुले त्यात नाहीत. दोघांच्याही आधारवरील जन्मतारखा दाखल्याशी जुळत नाहीत. सोमवारी त्यांच्या वडिलांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर जात आहे, पत्र्यांचा अर्ज संस्थेला वेगळा देईन.