ड्रिल प्रेसला साल पाडायची अ‍ॅटॅचमेंट लावली, बिट निळं पडतंय

साल-कुसूचे सांधे (साल म्हणजे लाकडात पाडलेलं चौकोनी भोक, कुसू म्हणजे त्यात बसणारं दुसऱ्या लाकडाचं टोक) हाताने करून कंटाळलो म्हणून ड्रिल प्रेसची चौकोनी पटाशीवाली अ‍ॅटॅचमेंट घेतली. १२ मिमीची पटाशी आहे, आत बिट फिरतं. पण चालू केलं की किंचाळल्यासारखा आवाज, धूर येतो आणि दुसऱ्याच भोकाला बिटचं टोक निळं पडलं. शिवाय भोकं एका रेषेत येत नाहीत, सालीच्या कडेला पायऱ्या पडतात. पटाशी खराब निघाली का?

पटाशीबहाद्दर: पटाशी ठीक असेल, बिट आतून तिला घासतंय. प्लग काढ आधी. पटाशीचा खांदा (वरची जाड कड) आणि तिला धरणारा होल्डर यांच्यात दीडेक मिमी जाडीचं नाणं धरून पटाशी हलकी आवळ, मग बिट खालून जाईल तेवढं वर सारून चक (बिट पकडणारा जबडा) घट्ट कर, नाणं काढ, पटाशी वर ढकलून पक्की आवळ. झाली बिट आणि पटाशीमधली फट. आणि चकची चावी काढून ठेव, ही चूक मी एकदा केलीय, चावी भिंतीवर जाऊन आपटली, नशीब डोकं मधे नव्हतं.

भुसाच_भुसा: पायऱ्या पडतात कारण पटाशी फेन्सला (लाकूड टेकवायची मागची पट्टी) काटकोनात नाही. गुण्या फेन्सला लावून पटाशीची सपाट बाजू जुळव. पटाशीच्या बाजूची खाच सालीच्या लांबीकडे, आधी पाडलेल्या भोकाच्या बाजूला ठेव, म्हणजे भुसा तिकडे पडतो, नाहीतर आतच कोंबला जाऊन पुन्हा तापणार.

जुना_रंधा: स्पीड एकदम कमी ठेवा, बाकी काही नाही.

पटाशीबहाद्दर: नुसत्या स्पीडने नाही होणार हो, फट नसेल तर हळू फिरूनही घासणारच. कडक लाकडाला, मोठ्या पटाशीला कमी ठेवायचा हे मात्र बरोबर.

भुसाच_भुसा: अजून एक, सलग पाडत जाऊ नको, पटाशी रिकाम्या बाजूला कलते. आधी दोन्ही टोकं पाड, मग मधे पटाशीच्या रुंदीपेक्षा जरा कमी लाकूड सोडत जा आणि ते शेवटी काढ. खोली कुसूपेक्षा २-३ मिमी जास्त. वरचा दाबपट्टा लावच, पटाशी अडकली की लाकूड सोबत उचललं जातं. हातमोजे नकोत, चष्मा हवा, भुसा ब्रशने झाड, बोटाने अजिबात नाही, बिट थांबल्यावरही तापलेलं असतं.

प्रश्नकर्ता: फट शून्य होती 😅 नाणं घालून लावलं, आवाज गेला. एक बाजू अजून जरा खरबरीत येतेय, बहुतेक पटाशीला धार लावावी लागेल.

पटाशीबहाद्दर: आतल्या उतारालाच लाव, शंकूच्या दगडाने. बाहेरून फक्त हलकीशी घासून घे, जास्त घासलीस तर पटाशी बारीक होईल आणि कुसू घट्ट बसेल.