हैतीला कुणी जाऊन आलंय का? दादाची शिप तिथं थांबायची म्हणतात

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. माझा दादा मागच्या वर्षी क्रूझवर हाऊसकीपिंगला लागला, मायामीतून शिप सुटते. त्यांच्या थांब्यांमध्ये हैतीतलं लाबादी होतं, सध्या कंपनीनं ते बंद ठेवलंय पण परत सुरू होईल असं तो म्हणतोय. आईनं मोबाईलवर हैतीचे व्हिडिओ बघितले, टायर जळतायत, हातात बंदुका घेतलेली पोरं, आणि तेव्हापासनं तिच्या डोळ्याला डोळा नाही. मी शोधलं तर दोनच प्रकार सापडतात, एक म्हणजे लई गरीब देश, आणि दुसरं निळं पाणी आन् नारळाची झाडं. दोन्ही एकाच देशाचं कसं काय ते कळंना. आपल्या सोलापूरचं कुणी तिकडं गेलंय का, कामानं, फिरायला, कसंही? बातम्यातलं नको, डोळ्यांनी बघितलेलं सांगा. आईला वाचून दाखवणार आहे.

सातरस्ता_गॅली
भावा, मी सहा वर्षं शिपवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात होतो, लाबादीला वीसेक वेळा तरी उतरलोय. आईला पहिलं हे सांग, की ती जागा म्हणजे एक भूशिर आहे, क्रूझ कंपनीनं भाड्यानं घेतलेलं, चारी बाजूनं बंदोबस्त आणि कुंपण. पॅसेंजर बाहेर जात नाहीत, बाहेरचे आत येत नाहीत, ज्यांना परवाना आहे तेवढेच विक्रेते आत. राजधानी पोर्त-ओ-प्रँस तिथनं लांब दक्षिणेला, मध्ये सगळे डोंगर. व्हिडिओत दिसतं ते बहुतेक राजधानीतलं असतं.

पण मग मी हैती बघितलं का? नाही बघितलं. झिपलाईन बघितली, बार्बेक्यू बघितलं, आमच्याच शिपवरनं उतरवलेले चिकनचे ट्रे आम्हीच वाढले. कित्येक पॅसेंजरना आपण हैतीत आहोत हेच माहीत नसायचं, लाबादी हे वेगळं बेट आहे असं वाटायचं. एकदा मार्केटमधल्या लाकडी मूर्ती विकणाऱ्या काकांशी बोलत बसलो, त्यांनी विचारलं कुठला, म्हटलं इंडिया, तर म्हणाले तुझ्या गावापासनं समुद्र किती लांब? म्हटलं लई लांब, आमच्याकडं पाण्याचीच बोंब असते, उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसाआड पाणी. ते म्हणाले आमच्याकडं नळच नाही. एवढंच बोलणं झालं, पण सहा वर्षांतलं तेवढंच मला खरं हैती वाटतं.

नवीपेठ७७
स्पष्ट बोलतो, राग नको. गरिबी बघायला कशाला जायचं एवढ्या लांब? आणि आता तर तिथं जाऊच नये. 2024 च्या मार्चमध्ये आपल्या सरकारला ऑपरेशन इंद्रावती करून 12 भारतीयांना तिथनं काढून डॉमिनिकन रिपब्लिकला आणावं लागलं.

मागवाला_अक्कलकोटरोड
नवीपेठ, आता जाऊ नये हे शंभर टक्के खरं. मी गेलो तेव्हा दिवस वेगळे होते. पण गरिबी बघायला गेलो नव्हतो, कामाला गेलो होतो, शिलाई मशीन बसवायला आणि तिथल्या पोरांना शिकवायला, उत्तरेला काप-आयसियाँ शहराच्या बाजूला, साडेतीन महिने होतो. बाळीवेसकर, थोडं लांबेल, आईला चहा करून दे आणि मग वाच.

पहिल्या दिवशी रस्त्यात पोरं मला बघून ओरडायला लागली, "ब्लाँ! ब्लाँ!" ब्लाँ म्हणजे गोरा. मी सावळा माणूस, मला वाटलं मागं कुणी गोरा आहे म्हणून वळून बघितलं. नंतर कळलं, बाहेरनं आलेला कुणीही असो, काळा गोरा सावळा, तो ब्लाँच. रंगाचा शब्दच त्यांनी परक्यासाठी वापरात आणलाय. हे का, ते गड चढल्यावर कळलं.

मिलो नावाचं गाव आहे, तिथनं वर घोड्यावरनं किंवा पायी जायचं. वर सिटाडेल. 1804 ला गुलामांनी गोऱ्या फ्रेंचांना हरवून स्वतःचा देश केला, फ्रेंच परत येतील म्हणून त्यांचा सेनापती आँरी क्रिस्तोफनं जवळपास 900 मीटर उंचीवर हा किल्ला बांधायला घेतला, 1820 पर्यंत काम चाललं. नंतर तो राजा झाला. शेकडो तोफा आहेत, गोळ्यांचे ढीग अजून तसेच रचून ठेवलेत. मला तर रायगडच आठवला. तटावर उभं राहिलो, खाली ढग, लांब समुद्र, आणि वाटाड्या पोरगा सांगत होता की फ्रेंच कधी आलेच नाहीत, एक गोळासुद्धा उडाला नाही.

आले की ओ, गडावर नाही आले एवढंच. 1825 ला फ्रान्सच्या राजानं लढाऊ गलबतं पाठवली आणि सांगितलं 15 कोटी फ्रँक भरा, आमच्या मालकांची जमीन आणि गुलाम गेले त्याची भरपाई, तरच तुम्हाला देश म्हणून मानू. पुढं ती रक्कम 9 कोटी केली. म्हणजे जे लढून सुटले त्यांनीच स्वतःची किंमत मालकाला द्यायची. त्यासाठी फ्रान्सच्याच बँकांकडनं कर्ज काढलं, त्या कर्जाची फेड 1947 पर्यंत चालली. आपल्याकडं सावकारी पिढ्यानपिढ्या चालायची तसं अख्ख्या देशाचं झालं. तुम्ही नेटवर "गरीब देश" वाचता तेव्हा हे खाली कुठंतरी बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच.

आता माझ्या धंद्यातलं. बाजारात गेलो तर कापडाचे डोंगर, सगळं अमेरिकेतनं आलेलं वापरलेलं. त्याला तिथं पेपे म्हणतात, जुनी माणसं केनेडी पण म्हणतात, कारण अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या काळापासनं यायला लागलं. चांगला शर्ट आपल्या पन्नास रुपयात. माझ्या हाताखाली एक साठीचे मास्तर होते, खरे शिंपी, मापाशिवाय नुसतं बघून कोट बेतायचे. आधी त्यांचं दुकान होतं. पेपेपुढं शिंप्याकडं कोण येणार? आता ते कारखान्यात दिवसभर टीशर्टची एकच बाही जोडत होते, आणि तो टीशर्ट अमेरिकेला जाणार, आणि तिथं वापरून झाला की परत गाठोड्यात बांधून इथंच येणार. हे ते मला हसत सांगायचे. मला हसू आलं नाही. माझे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले मी बघितलेत.

भाताचं पण तेच. 1990 च्या दशकात बाहेरच्या तांदळावरचा कर 3 टक्क्यांवर आणायला लावला, अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला, शेतकरी बसला. त्या वेळचे अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटननी 2010 मध्ये स्वतः कबूल केलं की चूक झाली. खानावळीतली बाई माझ्यासाठी मुद्दाम गावचा तांदूळ आणायची, त्यात काळं वाळलेलं अळंबं टाकून भात, जों-जों म्हणतात. आणि पिकलीझ म्हणून कोबी-गाजर-मिरचीचं आंबट तिखट असतं. शेंगाचटणीची सवय असलेल्या माणसाला ते जड गेलं नाही.

रिटायर्ड_जवान_बार्शी
जय हिंद. मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय पोलिस तुकडीबरोबर राजधानीत होतो, भूकंपानंतर दोन वर्षांनी गेलो. भूकंप 12 जानेवारी 2010 चा, लाखाच्या वर माणसं गेली. आमच्याकडं 12 जानेवारी म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दिवस आणि गड्ड्याच्या यात्रेची गडबड, त्या दिवशी तिकडं मैदानात बसलेल्या बाया रडताना बघितल्या आणि तेव्हापासनं ती तारीख मला दोन्हीकडची झाली. मी किल्लारीला 1993 मध्ये ढिगारे उपसायला गेलेलो, विशीतला होतो, त्यामुळं पडक्या घराचा वास ओळखतो. तंबू तसेच होते, पण सकाळी सात वाजता त्याच तंबूतनं शाळेची पोरं बाहेर पडायची, कडक इस्त्रीचा गणवेश, पोरींच्या केसात रिबिनी, बुटाला एक डाग नाही. पाणी विकत घ्यावं लागायचं, तरी. मी रोज त्या वेळेला गेटवर ड्युटी मागून घ्यायचो.

सगळेच आम्हाला मानायचे असं नाही. 2010 मध्येच कॉलरा आला, शांतिसेनेच्या एका छावणीच्या घाणीतनं नदीत गेला, जवळपास 10 हजार लोक मेले. संयुक्त राष्ट्रांनी आपला वाटा कबूल केला 2016 मध्ये. लोक आमच्या निळ्या टोपीकडं बघून तोंड फिरवायचे आणि मला ते चूक वाटत नव्हतं.

बायांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. माल विकणाऱ्या बायांना तिथं मादान सारा म्हणतात, खेड्यातनं माल उचलायचा, रंगवलेल्या टॅपटॅप गाडीच्या टपावर टाकायचा आणि शहरात विकायचा, सगळं बायांच्या जिवावर. पहाटेच्या पॅसेंजरला भाजीची गाठोडी घेऊन चढणाऱ्या आपल्या मावश्या डोळ्यासमोर आणा.

बाळीवेसकर
काका, दादा, लई आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. शाळेच्या पोरांचं दोनदा वाचायला लावलं. आता विचारतीय की थांबा परत सुरू झाला तर दादानं तिथनं काय आणावं, आणि बोलावं कसं.

मागवाला_अक्कलकोटरोड
"बोंजू", म्हणजे नमस्कार, म्हणायचं आधी, मगच काय ते विचारायचं, नाहीतर उद्धट समजतात. घेताना "मेसी", म्हणजे आभार. रिकामी तेलाची बॅरल कापून, ठोकून पत्र्याची चित्रं करतात, मासे, झाडं, सूर्य, ते घे म्हणावं. एक गोष्ट नक्की सांग, तिथं कुणी "डॉलर" म्हटलं तर अमेरिकेचाच असेल असं नाही, गूर्द हे तिथलं चलन, 5 गूर्दला ते हैतीचा डॉलर म्हणतात, नोट नसते त्याची, नुसता हिशेब. कुठला डॉलर ते आधी विचारायचं, आणि मग फार घासाघीस करायची नाही.