आधीच्या पिढीपेक्षा आपलं पैशाचं गणित सोपं झालंय की अवघड?

हप्तेबहाद्दर:
घरात हा वाद कायमचा आहे. वडील म्हणतात आमच्या एका पगारात सगळं घर चाललं, तुम्ही दोघं कमावता तरी महिनाअखेरीला रडता. खोडूनही काढता येत नाही आणि पटतही नाही. कपडे, फोन, विमानाचं तिकीट हे आम्हाला परवडतं, त्यांना स्वप्नातही नव्हतं. पण त्यांनी एका पगारात घर केलं आणि आम्ही दोन पगारांत अजून डाऊनपेमेंटच साठवतोय. नेमकं कोण बरोबर? भावनिक नको, हिशेबाने सांगा.

टक्केवारी:
वडील म्हणतात ते घरखर्चापुरतं बरोबर आहे, घराच्या बाबतीत अर्धंच. कारखान्यात बनतं ते स्वस्त होत गेलं, ज्याला माणसाचा वेळ लागतो ते महाग. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने हे १९६० च्या दशकातच मांडलंय. शिक्षक एका तासात आधी शिकवायचा तेवढ्याच मुलांना आजही शिकवतो, पण त्याचा पगार बाकीच्यांबरोबर वाढवावाच लागतो नाहीतर तो दुसरीकडे जाईल, मग फी वाढते. दवाखान्याचं, पाळणाघराचं तेच. आणि फोन तीन-चार वर्षांतून एकदा घ्यायचा असतो, फी दरवर्षी भरायची असते.

आता घर. लोक म्हणतात पूर्वी व्याज केवढं होतं, बरोबर, पण हे बघा. २० वर्षांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी दर लाखामागे हप्ता साधारण ११०१ येतो, ८ टक्क्यांनी ८३६. म्हणजे तेवढ्याच हप्त्यात आज जवळपास एक तृतीयांश जास्त कर्ज मिळतं, आणि सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे जिथे घरं कमी तिथे व्याजातला फायदा किमतीत जिरतो. हप्ता तोच राहिला पण डाऊनपेमेंट वाढलं, आणि तुम्ही अडकलाय ते तिथेच. शिवाय त्यांच्या काळात महागाई जास्त असेल तर पगारही त्या मानाने फुगत गेला असणार. वर्षाला ९ टक्के वाढला तर ८ वर्षांत दुप्पट, हप्ता मात्र तेवढाच. ३ टक्क्यांनी वाढणाऱ्या पगाराला दुप्पट व्हायला २४ वर्षं लागतात, तोवर कर्जच फिटलेलं असतं. म्हणून त्यांना पहिली पाच वर्षं जड गेली असतील, तुम्हाला वीसच्या वीस जड जातील.

जुनीवही:
हे सगळं पगारदार माणसाचं रडगाणं आहे, राग मानू नका. १९९० मध्ये जगात दर हजार मुलांमागे ९३ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत जायची, २०२२ मध्ये ३७. अतिगरिबीत जगणारे तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त होते, २०१९ पर्यंत दहात एकाच्या आसपास आले. ज्यांच्या आजोबांकडे जमीनही नव्हती आणि अक्षरओळखही नव्हती त्यांना विचारा सोपं झालं का, ते डाऊनपेमेंटचा विषय काढणारसुद्धा नाहीत.

हप्तेबहाद्दर:
@जुनीवही मान्य, पण मी आजोबांशी नाही, वडिलांशी तुलना करतोय.

मधलीफळी:
मग अमेरिकेतला अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा. १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक तिशीत आईवडिलांपेक्षा (महागाई वजा करून) जास्त कमावत होते, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत ते प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. गंमत म्हणजे त्यांच्या मते मुख्य कारण आर्थिक वाढ मंदावली हे नाही, वाढ झाली ती वरच्यांकडे जास्त गेली हे आहे. ऑफिसात माझ्याच पगाराचे दोघं आहेत, एकाला घर वारशात मिळालंय, दुसरा भाडं भरतो. दोघांची पगाराची स्लिप सारखीच पण शिल्लक बघितली तर वेगवेगळ्या पिढीतले वाटतात.
बाकी एक राहिलंच, आईवडील आता जास्त जगतात (चांगलंच आहे की) पण पेन्शन सगळ्यांना नाही आणि खर्च वाटून घ्यायला भावंडंही पूर्वीएवढी नाहीत. हा आकडा वडिलांच्या हिशेबात नव्हता, तुमच्या हिशेबात धरलाय का?

हप्तेबहाद्दर:
नाही धरला. आईला अजून बरोबर घेऊन हिशेबाला बसलोच नाही, वडिलांशी भांडणातच वेळ गेला. टक्केवारी, तुमचं ते हप्त्याचं गणित एक्सेलमध्ये असेल तर टाका ना इथे.

टक्केवारी:
टाकतो रात्री. पगारवाढीचा रकाना मोकळा ठेवतो, आकडा तुमचा तुम्हीच भरा, फक्त अप्रेझलच्या आधी नको.