गडहिंग्लजकडं विहिरीत काळ्या कातळाखाली पांढरा वाळूचा दगड लागलाय, काय भानगड?

रंकाळ्याचा_राजा
राम राम मंडळी. मी शिवाजी पेठेतला, त्यामुळं आमच्यासाठी दगड म्हणजे काळाच, पंचगंगेचा घाट बघा नाहीतर घराचं जोतं. सासरवाडी गडहिंग्लजकडची. मेव्हण्यानं जुनी विहीर खोल करायला घेतलीय, वर माती, मुरूम, मग काळा कातळ असं नेहमीसारखंच लागत गेलं आणि चाळीसेक फुटांवर अचानक पांढरट-गुलाबी दगड सुरू झाला, हाताला साखरेसारखा खरखरीत. एका फाडीवर तर पन्हळी पत्र्यासारख्या रेघा आहेत, बोटभर अंतरानं. खणणारे म्हणतात इथं कधीतरी समुद्र होता. मी हसलो, पण रात्री झोप नाही लागली राव. कुणाला माहिती असेल तर सांगा.

जांभ्या_मास्तर
हसू नका, खणणाऱ्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतंय 😄

आपला काळा दगड म्हणजे लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमीन फाटून थरावर थर ओतला गेला आणि सगळं झाकून टाकलं, आजसुद्धा त्यातला पाच लाख चौरस किलोमीटर शिल्लक आहे. पण लाव्हा काय हवेत नाही ओतला, खाली आधीची जमीन होतीच की. कोल्हापूर शहरात ती लई खोल गाडलेली आहे, पण दक्षिणेला लाव्हा पातळ होत जातो आणि चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या पट्ट्यात नदीनाल्यांनी तो खरवडून खालचा दगड उघडा पाडलाय. त्याला कलादगी म्हणतात, बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून. तिथनं आपल्याकडंपर्यंत एक मोठं खोलगट खोरं होतं, त्यात वाळू, चिखल, चुनखडी साठत गेली. गोकाकचा धबधबा बघितला असंल ना, ते पाणी ज्या कड्यावरनं पडतं तो याच घराण्यातला दगड. बदामीची लेणी कोरलीत तो वालुकाश्मपण यातलाच, वरच्या थराचा.

आता खरी गंमत. कलादगीचा खालचा भाग शंभर कोटी वर्षांपेक्षाही जुना आहे आणि त्याच्यावर बसलेला लाव्हा साडेसहा कोटींचा. तुमच्या विहिरीतला दगड त्या खालच्या भागातला असला तर काळा-पांढरा जिथं भेटतो त्या एका रेघेत नव्वद कोटींपेक्षा जास्त वर्षं गायब आहेत! तेवढ्या काळात तिथं काय साठलं असंल ते वाऱ्यापाण्यानं झिजून गेलं, काही वेळा साठलंच नाही. उतरून त्या रेघेवर हात ठेवा एकदा.

आणि त्या पन्हळी बघून सांगा, दोन्ही बाजूंचा उतार सारखाच आहे का एक बाजू जास्त खडी आहे?

बोअरवाला_दादा
मास्तर बरोबर बोलतायत. १८ वर्षं बोअर मारतोय. तिकडं एका रानात दीडशे फुटांवर पांढरी भुकटी येते आणि बांधापलीकडं अडीचशे फूट गेलं तरी काळीच. लोक म्हणतात तुझी मशीन खोटी. अरे खालची जुनी जमीन काय फरशी घातल्यासारखी सपाट नव्हती, तिलापण टेकड्या-ओढे होते, लाव्ह्यानं आधी खड्डे भरले मग टेकड्या बुडवल्या. मधेच गेरूसारखी तांबडी माती लागते ती वेगळी, ती दोन लाव्ह्यांच्या मधली. आणि एक, या पांढऱ्या दगडात बिट लई झिजतंय, मालकाला रेट आधीच सांगून ठेवतो मी.

मिसळ_कट_जादा
भावा डायनासोरचं हाड सापडलं तर मला पयला मेसेज कर, वाटून घेऊ

जांभ्या_मास्तर
त्या दगडात डायनासोर नाही मिळणार मर्दा, तो यायला अजून लई वेळ होता. तेव्हा जमिनीवर झाड नाही, गवत नाही, किडामुंगी नाही. बागलकोटकडच्या चुनखडीत सूक्ष्मजीवांनी थर लावून बनवलेल्या गोल गड्ड्या दिसतात, कोबी कापल्यासारख्या, तेवढेच रहिवासी. डायनासोर पाहिजे तर चंद्रपूरकडं पिसदुऱ्याला जा.

बोअरवाल्या दादांच्या मुद्द्यात भर घालतो. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना सगळ्यांना माहीत झाली, तिथं पुढं संशोधनासाठी खोल बोअर मारली तर सुमारे ९३० मीटर नुसता काळा कातळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा दगड, मधे वाळूबिळू काही नाही. किल्लारीत मात्र ३३८ मीटरवरच लाव्हा संपला आणि खाली आठेक मीटर गाळाचा थर मिळाला. म्हणजे लाव्हा यायच्या आधी कुठं गाळ होता, कुठं उघडा खडक. सगळीकडं एकच हिशोब नाही.

रंकाळ्याचा_राजा
आज गेलतो परत. मास्तर, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, सुरीच्या टोकानं ओरखडापण उठत नाही, उलट सुरीच झिजली.

जांभ्या_मास्तर
मग विषयच संपला. एका दिशेनं वाहत्या पाण्यानं पडली असती तर एक बाजू खडी झाली असती. ही उथळ पाण्यात लाटा मागं-पुढं हलून पडलेली नक्षी आहे. आणि सुरी झिजली म्हणजे गारगोटीचीच वाळू, पुढं घट्ट होऊन दगड झालेली. ती फाडी फोडू देऊ नका मेव्हण्याला.

रंकाळ्याचा_राजा
फाडी वाचली, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. पण शेजारचा तुकडा सासूबाईंनी कवाच उचलला, विळ्याला धार लई झकास लागते म्हणाल्या. पाणी अजून लागलेलं नाही.

बोअरवाला_दादा
पाण्याचं काळ्या-पांढऱ्याच्या सांध्यातच बघा आधी, तिथनं पाझर येतोय का ते. नसेल तर फोन आहेच 😂