कोरकू मुलांच्या शाळेत ग्रंथालय कसं लावावं?

प्रश्न : मेळघाटातली बाई
धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, पहिली ते चौथी. बहुतेक मुलं कोरकू, थोडी गवळ्यांची. तिसरीतल्या एका मुलीला फार कमी दिसतं. गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे, पण मुलं चित्रं चाळतात आणि ठेवून देतात. त्या गोष्टींत सोफा आहे, बाल्कनी आहे, शहरातली बाग आहे. पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी आई एकाही पानावर नाही. त्यात कोरकू भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचं काही नातं नाही. पहिलीतली पोरं मराठी गोष्ट ऐकताना नुसती तोंडाकडे बघत राहतात. शनिवारचा एक तास मला मिळतो. सुरुवात कुठून करू?

निवृत्त शिक्षिका, चिखलदरा
बाई, आधी कपाटाचं कुलूप काढा. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, या धास्तीनं किती शाळांत पुस्तकं आतच राहतात. जीर्ण पुस्तकांचं रीतसर निर्लेखन होतं, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करता येतात, केंद्रप्रमुखांना विचारून घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं हवीत असं लिहिलेलं आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना ते सोबत असू द्या.

कोरकू गोष्टी 'स्टोरीवीव्हर'वर मिळतील. प्रथम बुक्सनं 2015 साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ. पुस्तकं मुक्त परवान्याची आहेत, त्यामुळे छापायला कुणाची परवानगी लागत नाही. रंगीत प्रिंट परवडत नसेल तर काळी-पांढरी काढा, मुलं रंग भरतील.

पण माझ्या शाळेत मुलं खरी बोलती झाली ती त्यांनी स्वतः केलेल्या पुस्तकांनी. एका मुलाच्या आजीला बोलावलं. ती व्हरांड्यात बसून कोरकूतून अस्वलाची गोष्ट सांगत होती. एरवी शेवटच्या रांगेत गप्प असणारा तिचा नातू मध्येच उठला आणि "असं नाही, अस्वल आधी झाडावर चढलं" म्हणून आजीलाच दुरुस्त करू लागला. मग मुलांनी चित्रं काढली, खाली देवनागरीत कोरकू ओळ आणि तिच्याखाली मराठी. जुन्या कॅलेंडरचं कव्हर लावून सुतळीनं शिवलं. ते पुस्तक मी दाखल नोंदवहीत रीतसर चढवलं, विकतच्या पुस्तकासारखा दाखल क्रमांक घालून. लेखक म्हणून आजीचं नाव, चित्रकार म्हणून मुलांची. हे मात्र कराच. नोंदवहीत नाव बघायला त्या आजी पुन्हा शाळेत आल्या होत्या.

आणि 'आदिवासी पुस्तकं' असा वेगळा कप्पा अजिबात करू नका. 'किशोर'चे अंक, परीकथा, कोरकू गोष्टी, सगळं एकाच फळीवर हवं. गवळ्यांच्या मुलांनीही कोरकू पुस्तक घरी न्यावं आणि त्यांच्या घरच्या गाईम्हशींच्या गोष्टीही कोरकू मुलांनी वाचाव्यात.

विशेष शिक्षक, समावेशित शिक्षण
त्या मुलीबद्दल. तिची तपासणी झाली आहे का? नसेल तर तालुक्याच्या विशेष शिक्षकांना आजच कळवा, चष्म्यानं किंवा भिंगानं फरक पडू शकतो.

तोवर एवढं करा. चकचकीत कागद टाळा, त्यावर उजेड चमकतो. जाड काळ्या मार्करनं, एका पानावर दोनच ओळी, अक्षरांमध्ये भरपूर मोकळी जागा. पुस्तक तिरप्या पाटीवर ठेवा म्हणजे तिला मान मोडून वाकावं लागणार नाही. तिला खिडकीजवळ बसवा, पण तोंड खिडकीकडे नको, उजेड खांद्यावरून पानावर पडू द्या. ताईंनी सांगितलेल्या पुस्तकांत चित्रांच्या कडेनं सुतळी चिकटवा, झाडाच्या खोडाला खरी साल, शेताला धान. ही पुस्तकं तिच्या एकटीची करू नका. चारजणांच्या गटात फिरू द्या. बोटांनी चित्र ओळखण्यात तीच पुढे असेल, आणि बाकीची पोरं तिला विचारतील.

सातपुड्याचा मास्तर
एक भर घालतो. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामाला बाहेर पडतात, होळीला परततात. तेवढे महिने पोरांच्या हाती पुस्तक नसतं. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत तीन पुस्तकं द्या, मुलांनीच शिवलेली असतील तर उत्तमच. नोंदवहीत 'परत' रकान्यात तारखेऐवजी 'होळी' लिहा. काही हरवतील. ती हरवणार असं धरूनच जास्तीच्या प्रती काढा.

मेळघाटातली बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीच्या तपासणीसाठी विशेष शिक्षकांना फोन केला, येत्या आठवड्यात येतो म्हणाले. कोरकू गोष्टींच्या प्रिंट परतवाड्याहून काढून आणते. चिखलदऱ्याच्या ताई, कोरकू लिहिताना काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत. तुम्ही मुलांना ठरवू दिलं की स्वतः ठरवलं?

निवृत्त शिक्षिका, चिखलदरा
मुलांना. दोघांनी वेगवेगळं लिहिलं तर मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि आजीला ज्याचं वाचन पटेल ते ठेवायचं.