‘गोझु’ मंडळात दाखवायचा आहे, आधी किती सांगावं?

पडदाप्रेमी: जपानी दिग्दर्शक ताकाशी मीइकेचा २००३चा ‘गोझु’ आमच्या चित्रपट मंडळात लावतोय. बरेच जण साधा टोळीपट समजून येतील. हसायचं की दचकायचं हे न कळून लोक मध्येच उठतील अशी धास्ती आहे. प्रस्तावनेत काय सांगू? मध्यंतर ठेवू का?

रीळवाला: मध्यंतर नको. १२९ मिनिटं सलग चालवा. मधल्या सरायीतल्या भागात गती मंदावते, तिथे दिवे लागले की लोकांची तंद्री मोडते.

गोष्ट दोनच वाक्यांत सांगा: ओझाकी हा याकुझा, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळीतला माणूस, भ्रमिष्ट झालाय, त्याला नागोया शहरात नेऊन संपवायची कामगिरी त्याच्या हाताखालच्या मिनामीवर आली आहे. वाटेत ओझाकी मरतो आणि मिनामी कॉफीच्या दुकानात असताना प्रेतच गायब होतं. इथे थांबा.

हसायची परवानगी मात्र आधीच द्या. सुरुवातीलाच ओझाकी बाहेरच्या एका चिमुकल्या चिवावा कुत्र्याकडे बोट दाखवून बॉसला गंभीरपणे सांगतो, की ते याकुझांना मारायला शिकवलेलं कुत्रं आहे. मग बाहेर जाऊन तो त्या कुत्र्याचं जे करतो ते भयंकर आहे. तरी हसू फुटतं, कारण त्याच्या चेहऱ्यावर मस्करीचा लवलेशही नसतो. हा सूर पकडला की पुढचं सगळं पचतं. प्राण्याची हिंसा आणि उघड लैंगिक दृश्यं आहेत हे फलकावर लिहा, प्रवेश फक्त प्रौढांना.

तळओळ: उपशीर्षकं आधी तपासा. मिनामी ओझाकीला ‘अनिकी’ म्हणतो, म्हणजे टोळीतला थोरला भाऊ. इंग्रजीत नुसतं ‘ब्रदर’ आलं की मानही जातो आणि धाकही. आपल्या ‘दादा’त दोन्ही अर्थ आहेत, प्रस्तावनेत तोच शब्द वापरा. पुढे एक तरुणी येऊन ‘मीच ओझाकी’ म्हणते. तिला दादा मानायचं कसं, ही मिनामीची खरी कोंडी. तिचा उल्लेख प्रस्तावनेत चुकूनही नको.

नागोयाचाही एक संदर्भ द्या. तिथल्या कॉफीच्या दुकानांत सकाळी कॉफीसोबत टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट देतात. चित्रपटात त्याऐवजी न मागता चवानमुशी, म्हणजे वाफवलेल्या अंड्याची खारी वाटी, समोर येते. हा चिमटा जपानी प्रेक्षकाला लगेच कळतो.

पडदाप्रेमी: आणि नावाचा अर्थ?

रीळवाला: ‘बैलाचं डोकं’. गोझु आणि घोडमुख्या मेझु हे बौद्ध नरकाचे पहारेकरी. एवढं जरूर सांगा, म्हणजे बैलमुखी माणूस आल्यावर गोंधळ होणार नाही आणि मिनामीचं नागोया नेमकं कुठे आहे हे ज्याचं त्याला उमगेल. चर्चेला अर्धा तास राखून ठेवा. शेवट पाहून लगेच कुणी बोलत नाही, पहिली दहा मिनिटं तशीच जातात.