आजीची बोरमाळ मोडायची की गाठवून वापरायची?

हळकुंड_सांगली

नमस्कार. आजी गेल्या श्रावणात गेली. तिच्यामागे उरलेल्या सोन्यात सांगण्यासारखी वस्तू एकच, बोरमाळ. आम्ही नाती तिघी: मी पुण्यात, चुलतबहीण सांगलीतच, आतेबहीण बेळगावला. सराफाचं म्हणणं, "ताई, मोड करा, तिघींना तीन अंगठ्या करून देतो, भांडण नको." भांडण मुळात नाहीच. तिघीही एकमेकींना "तू घे, तू घे" करतोय, त्यातच घोडं अडलंय. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, तुम्ही बायका ठरवा.

ही माळ आमच्या घरात जितकी राहिली त्याहून जास्त सावकाराच्या तिजोरीत राहिली असेल. मृगाच्या तोंडावर बेण्याला, खताला पैसे लागले की बोरमाळ गहाण. हळद विकली की सोडवून आणायची. भाव पडला तर बाईसाहेब पुढच्या हंगामापर्यंत तिकडेच. आजीच्या पितळी डब्यात माळेखाली गहाणाच्या पावत्यांची चळत आहे, सगळ्या फिटलेल्या. कशाला ठेवल्यास म्हटलं तर म्हणायची, "हिशेब आहे तो. हिशेब फाडत नसत्यात."

घरी असली की गल्लीत फिरायची. कुणाची मुलगी दाखवायची असली की आजीकडे निरोप यायचा. आजी नाही म्हणायची नाही, पण माळेसोबत स्वतः जायची. पोहे व्हायचे, चहा व्हायचा, पाहुणे रिक्षात बसले की माळ मुलीच्या गळ्यातून आजीच्या पिशवीत. लग्नानंतर सासरच्यांनी "ती बोरमाळ कुठं गेली" असं किती जणींना विचारलं असेल देव जाणे.

एक मणी चेपलेला आहे. बाबांना दात येत होते तेव्हा त्यांनी तो चावलाय. तिथून आतली काळपट लाख दिसते. सराफ म्हणतो, मणी बदलून देतो, कळणारही नाही.

तर मोडावी का? आणि तुमच्याकडे अशी वापरलेली, मागून आणलेली, वारशात आलेली वस्तू असेल तर तिचं तुम्ही काय केलंत?

गुजरीचा_पाट

वडील कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, कामाला होते, मी या धंद्यात नाही. पण ऐकून ऐकून जे कळतं ते सांगतो.

बोरमाळ मोडायला सगळ्यात वाईट दागिना. मणी पोकळ, पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. काट्यावर जे वजन दिसतं त्यात लाख आली, दोरा आला, गोंडा आला. आटवल्यावर लाख जळून जाते. वर प्रत्येक मण्याला जोडाचा डाग, म्हणजे झाळण, असतो, त्याचा कस (शुद्धता) कमी, म्हणजे आटणीत आणखी घट. तिघींना तीन अंगठ्या हे ऐकायला छान, पण त्या अंगठ्या किती ग्रॅमच्या होतील हे सराफाकडून आधी लिहून घ्या. मग मजुरी आणि जीएसटी. हॉलमार्क नाही म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. सक्ती विकणाऱ्या सराफाला आहे. घरातलं जुनं सोनं ठेवायला किंवा विकायला तुम्हाला आडकाठी नाही.

दुसरं. आजीचं लग्न कोणत्या साली झालं? आणि सराफाने कस किती सांगितला?

हळकुंड_सांगली

लग्न १९६४चं. मशीनवर बावीसच्या आसपास आलं. का हो?

गुजरीचा_पाट

तोच संशय होता. १९६३च्या जानेवारीपासून चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी होती. चीनच्या युद्धानंतरचे, तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजीभाई देसाईंचे सुवर्ण नियंत्रण नियम. आमच्या घरात त्या वर्षांचं नाव काढलं की आजोबा जेवताना उठून जायचे, इतक्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या. (१९६८चा मोठा कायदा त्यानंतर आला, तो १९९० साली रद्द झाला.) तेव्हा १९६४ला लग्नासाठी बावीस कॅरेटची नवी बोरमाळ राजरोस मिळणं कठीण. चोरून करणारे होतेच, नाही म्हणत नाही. पण पुष्कळ घरांनी त्या काळात आईच्या अंगावरचं काढून मुलीच्या अंगावर घातलं. घरातल्या कुणा जुन्या माणसाला विचारा, माळ बहुतेक आजीच्या आधीची निघेल.

चेपलेल्या मण्याला मात्र हात लावू देऊ नका. तो बदलायचा म्हणजे बाकीच्या मण्यांशी जुळणारा घाट हवा, नाहीतर माळेत एकच मणी पाहुण्यासारखा दिसतो.

ओहायोची_मावशी

मी काय केलं ते सांगते, शिव्या द्यायच्या तर द्या. आईचं हिरवं इरकली लुगडं मी कापलं.

इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असतो. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा, फासे अडकवून एकमेकांत गुंतवलेला. त्यामुळे होतं काय, की रोज नेसून अंग विरतं आणि लाल पदर तसाच तुकतुकीत राहतो. आईच्या लुगड्याचं अंग गुडघ्यापाशी जाळीदार झालेलं, पदर मात्र जसाच्या तसा. ट्रंकेत ठेवून काय पूजा करणार? पदराचं नातीला परकर-पोलकं शिवलं आणि विरलेलं अंग गोधडीत आतल्या थराला घातलं. इथे हिवाळ्यात बर्फ असतो, तरी ती पोरगी दिवाळीला स्वेटरवर ते पोलकं चढवते आणि मिरवते. परकर आता घोट्याच्या वर आलाय. खाली पट्टी जोडायला गुळेदगुडचा खण कुणी येणाऱ्याबरोबर पाठवेल का, हा माझा वेगळा प्रश्न.

तुकतुकीत

मावशी, पदर कापलात? अहो तो फ्रेम करून भिंतीवर लावला असता!

ओहायोची_मावशी

भिंतीवर कुणाचा वाढदिवस येत नाही बाई.

बुधवार_रविवार

माझी वस्तू वारशाची नाही. निदान माझ्या वारशाची नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगातून काढलेला लोकरी कोट. बसला इतका बरोबर की घासाघीस करायचं सुचलं नाही.

घरी आणून उन्हात टाकला. आतल्या खिशावर धोब्याची काळ्या शाईची खूण. एका खिशाचं शिवण उसवलेलं, त्यातून अस्तरात काहीतरी घसरलेलं हाताला लागलं. निघालं पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट. लोणंद ते पुणे, तिसरा वर्ग. तारखेचा ठसा पुसट, वाचता येत नाही. पण रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, म्हणजे निदान पन्नास वर्षांपूर्वी हा माणूस हा कोट घालून तिसऱ्या वर्गाच्या बाकावर बसला होता. कोट भारी, वर्ग तिसरा. काय हिशेब असेल त्याचा? कोट उसना? थोरल्या भावाचा? मी स्वतः ठरवून टाकलंय की तो मुलाखतीला चालला होता.

उसवलेलं शिवण बायकोने शिवायला घेतलं, तेव्हा तिकीट मी परत आत सरकवलं. माझं काय जातंय. मूळ प्रश्नाबद्दल: त्या फिटलेल्या पावत्या फेकू नका. माळेपेक्षा मला त्याच हव्या होत्या.

शिरोळची_लेक

आमच्याकडे नथ. मोत्यांची, आईला आजीकडून आलेली. वडील वारले तेव्हा बाविसाव्या वर्षी लग्न होऊन आलेली आमची वहिनी घरात नवी. तेराव्याला कुणी काही म्हणायच्या आत आईने नथ तिच्या ओंजळीत टाकली. त्यानंतर आईने नाकात काही घातलं नाही. हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही.

२०२२च्या मे महिन्यात शेजारच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, मग सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. आमच्या गावात चर्चा खूप झाली, फरक फारसा पडला नाही. पण वहिनीने मनावर घेतलं. पुढच्या संक्रांतीला नथ घेऊन आईच्या पुढ्यात बसली. आई म्हणाली, "अगं, भोक बुजलंय. आता टोचून घेऊ का या वयात?"

वहिनी गप्प बसणारी नाही. सोनाराकडे जाऊन नथीची तार कापून चाप बसवून आणला. सोनार तिला दहा वेळा विचारत होता, जुनी तार आहे, नक्की कापू ना? मोती तेच, घाट तोच, फक्त आता ती नाकाला धरून राहते. आई घरात घालते. बाहेर घालायला अजून लाजते, आणि मी तिच्यावर जोर करत नाही. वहिनी करते.

वकीलकाका

भावनेत शिरत नाही, एकच मुद्दा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू स्त्रीच्या वस्तूवर पहिला हक्क मुलं, मुली आणि नवरा यांचा. नातींचा नंबर आई-बाप हयात असताना लागत नाही. तुम्ही तिघी जी वाटणी करताय ती मुळात तुमची नाही. आत्याला विचारलंत का?

हळकुंड_सांगली

काका, नव्हतं विचारलं. काल फोन केला आणि दोन्ही गोष्टींचा निकाल लागला.

गुजरीचा पाट म्हणाले ते खरं निघालं. माळ आजीच्या आईची. आत्या सांगत होती, लग्नाच्या आदल्या रात्री पणजीने ती गळ्यातून काढून दिली आणि दुसऱ्या दिवशी मांडवात नुसत्या काळ्या पोतीवर वावरली. लोकांनी विचारलं तर म्हणाली, "मळ्यात पडली कुठंतरी." सोनं द्यायलाही थापा माराव्या लागायच्या.

मग मी मोडीचा विषय काढला. आत्या म्हणाली, "मी अजून जिती हाय. माझ्या आयेची माळ वाटायला तुमी कोण गं?" आणि हसायला लागली. पण हसता हसता तिने स्पष्ट सांगितलं की माळ तिला घालायची आहे, लॉकरमध्ये ठेवायची नाही, बाजाराला जाताना घालायची आहे. आतेबहिणीला चोरांची काळजी. आत्या म्हणते, सावकाराने नेली नाही ती चोर काय नेतो.

बाबांना म्हटलं, तुमचा हक्क आहे म्हणतात. ते म्हणाले, माझा हक्क मी दातांनी नोंदवलाय.

तेव्हा मोड रद्द. आता एकच काम उरलंय. दोरा कुजलाय, माळ नव्याने गाठवावी लागेल. आमच्या सराफाकडचा मुलगा म्हणतो मशीनचा नायलॉन घालतो. आत्याला रेशीमच हवंय, मागे लाल गोंडा, आणि मणी डोळ्यांसमोर ओवून हवेत, तिथे बसून राहणार म्हणते. सांगली-मिरजेत असं काम करणारा पटवेकरी अजून कुणाला माहीत आहे का? कोल्हापूरचा असला तरी चालेल, पण त्याच्या दुकानात म्हातारीला बसायला खुर्ची हवी.